पाणी कुठे मुरते?

‘कुठे तरी पाणी मुरते आहे’ हा वाक्प्रचार आपण फार सहज वापरतो. भिशीचा हिशेब जुळेनासा झाला, चिरंजीव प्रगतिपुस्तक दडवू लागले, शेजारच्या वहिनी एकाएकी गोड बोलू लागल्या, की आपण मान हलवून म्हणतो, ‘यात कुठे तरी पाणी मुरते आहे!’ मात्र खरोखरीचे पाणी खरोखर कुठे मुरते याचा शोध घ्यायची पाळी आली, म्हणजे गवंड्याला नाही तर नळवाल्याला बोलावून आपण मोकळे होतो. या सदराचा धंदा शब्दांचा. एरवी या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून आणि दोन उदाहरणे देऊन मी तुमची रजा घेतली असती. दिवाळी अंकात पाने सढळ हाताने मिळतात, तेव्हा यंदा तो शब्दश: घ्यावा आणि एका बंद पेटीत पाणी कुठून शिरते याचा माग काढावा, असा बेत आहे. ही पेटी होडीच्या मोटारीची आहे. दचकू नका. कुकरची रिंग आणि नळाची वायसर ज्या घरात आहे, त्या घराला यातले निम्मे शास्त्र आधीच ठाऊक असते.

सोलापूरच्या माणसाने होडीच्या मोटारीवर लिहावे याचे पुष्कळांना हसू येईल. आमचे गाव चादरींचे, हुरड्याचे आणि उन्हाचे. पाणी म्हटले की आम्हांला आधी आठवते ती नळाची पाळी. चार-चार दिवसांआड भरलेल्या पिंपांवर येथल्या पिढ्या वाढल्या. पण याच जिल्ह्यात भीमेवर १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, आणि सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी पोटात घेणारा यशवंतसागर नावाचा एक समुद्रच आमच्या वाट्याला आला. त्याच्या एका काठावर आमचा करमाळा तालुका, समोरच्या काठावर पुणे जिल्ह्यातला इंदापूर. रस्त्याने जायचे तर भला मोठा वळसा पडतो, म्हणून लोक होडीने जातात. मासेमारी होडीतून चालते. आणि दिवाळी उलटून थंडी पडू लागली, की भिगवण-कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी पाहायला पुण्या-सोलापूरची कुटुंबे डबे बांधून येतात, तीही होडीतच बसतात. यांतल्या काही होड्या वल्ह्याच्या, काही डिझेल इंजिनाच्या. काहींच्या मागच्या फळीला मात्र शिकंज्याने आवळलेली एक सुटी मोटार लटकत असते. इंग्रजीत हिला आउटबोर्ड म्हणतात.

ही कल्पना रूढ करण्याचे श्रेय बव्हंशी ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या कारागिराला देतात. वाग्दत्त वधूसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला तो वल्ही मारीत गेला, परत येईपर्यंत त्याचे पाणी झाले, आणि त्या रागातून त्याला मोटार सुचली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, १९०९ साली त्याने मोटारी विकायला काढल्या हे खरे, आणि धंद्याची बाजू त्याच्या पत्नीने, बेसने, सांभाळली हेही खरे. मोटारीचा घाट तेव्हापासून फारसा बदललेला नाही. वर टोपणाखाली इंजिन, मध्ये लांब पाय, आणि पायाच्या तळाशी पाण्यात बुडालेली, दुधी भोपळ्याच्या आकाराची गिअरपेटी. इंजिनाकडून उभा दांडा खाली येतो, तो पेटीतल्या दातेरी चाकांना फिरवतो, आणि ती चाके आडव्या दांड्यावरचा पंखा फिरवतात. पेटीत चाकांना न्हाऊ घालण्यापुरते जाड तेल असते. लहान मोटारीत फार तर पाव-अर्धा लिटर. बाहेर सगळीकडे पाणी आणि आत एवढेसे तेल, अशी ही संसाराची मांडणी आहे.

या पेटीशी माझा संबंध आला तो भाषेमुळे. उजनीच्या काठचा एक तरुण काही वर्षांपूर्वी बी. ए. ला माझ्या वर्गात मराठी शिकत होता. वडिलांमागून होडी त्याच्याकडे आली आणि कर्ज काढून त्याने जुनी मोटार घेतली. एका रविवारी तो तेलाचे डाग पडलेली एक जाड इंग्रजी पुस्तिका घेऊन घरी आला. म्हणाला, “सर, एवढं मराठीत सांगा. तिसऱ्यांदा तेल बदललं, तिसऱ्यांदा त्याचं ताक झालं बघा.” बरोबर काचेची बरणी होती. तिच्यात पांढुरके, दाट, चहात दूध जास्त झाल्यावर दिसते तसे काही तरी होते. मोटार दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीने दर वेळी तेल बदलून दिले होते आणि ‘आता चालतंय’ असे सांगितले होते. चालत होतीही. हीच यातली फसवी गोष्ट. पाणी मिसळलेल्या तेलावर चाके काही दिवस बिनतक्रार फिरतात. पण त्या तेलाचा पापुद्रा दातांमध्ये आणि बेअरिंगमध्ये टिकत नाही, धातूवर धातू घासतो, आणि मोटार उभी राहिली की बेअरिंगच्या सुयांवर गंज धरतो. मग एके दिवशी भर पाण्यात कडकड आवाज होऊन पंखा थांबतो. इंजिन वर छान गुणगुणत असते, होडी मात्र जागच्या जागी.

उजनीच्या मधोमध होडी थांबणे म्हणजे काय, हे काठावरच्या माणसाला विचारावे. दुपारनंतर वारा सुटतो. चालती होडी लाटेला तोंड देते. थांबलेली होडी वाऱ्याने आडवी होते आणि लाट कुशीवर घेते. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तेथे घात केला तो वाऱ्याने; गिअरपेटीशी त्या अपघाताची गाठ मी घालत नाही. पण त्या दिवसापासून त्या काठावर ‘मोटार मध्येच बंद पडली तर?’ हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या होडीत पौषात लहान मुले बसणार होती. तेव्हा आम्ही पुस्तिका उघडली.

पहिला दिवस शब्दांत गेला. परिभाषेच्या पंडितांनी ‘प्रचालक-दंड’ असे काही घडवले असते; आम्ही ‘पंख्याचा दांडा’ पसंत केला. ‘सील’ला मात्र मराठी शब्द शोधू नये असे दोघांचेही मत पडले, कारण दुकानात तोच मागावा लागतो. सीलच्या आतल्या रबरी कडेला पुस्तिकेत ओठ म्हटले होते, तो शब्द आम्हांला फार आवडला. हा रबरी ओठ फिरत्या दांड्याला अलगद चिकटून असतो, मागे एक बारीक स्प्रिंग त्याला दाबून धरते, आणि ओठ व दांडा यांच्यामध्ये तेलाचा जेमतेम दिसेल न दिसेल असा थर राहतो. ओठ मिटलेले हवेत, पण दातओठ खाल्ल्यासारखे आवळलेले नकोत. बहुतेक मोटारींत पंख्याच्या दांड्यावर अशी दोन सीले असतात: एकाचा ओठ आत वळलेला, तेल राखणारा, दुसऱ्याचा बाहेर वळलेला, पाणी थोपवणारा. घरात एक जण पैसा जाऊ देत नाही आणि दुसरा पाहुण्यांना येऊ देत नाही, तशी ही कामाची वाटणी.

आता मुख्य प्रश्न. आत तेल भरलेले, वर स्क्रू घट्ट. मग पाणी शिरते का आणि केव्हा? मोटार जोरात पळत असताना, असे आपल्याला वाटते. वस्तुत: ते बहुधा शिरते मोटार विसावल्यावर. चाके फिरून फिरून तेल तापते, फुगते, आणि पेटीत वर उरलेली थोडीशी हवाही तापते. समजा, ती हवा ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली. बंद जागेत तिचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. सीलचा ओठ थकलेला असेल तर ही जादा हवा आणि तिच्याबरोबर थोडे तेल बाहेर सटकते. पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग दिसतात ते याचेच. मग होडी काठाला लागते, इंजिन बंद होते, गार पाण्यात पेटी निवते. आतली हवा आकसते. बाहेर गेलेली हवा तर परत येत नाही, म्हणून आत ओढ निर्माण होते. वातावरणाचा दाब म्हणजे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा भार. त्याचा दहावा हिस्सा धरला तरी जवळजवळ मीटरभर पाण्याच्या जोराची ही ओढ झाली. ज्या फटीतून हवा गेली, त्याच फटीतून पाणी आत येते. उसाच्या रसाच्या गाड्यावर मूल नळीने रस ओढते, तसेच. दिवसातून सहा फेऱ्या म्हणजे सहा वेळा तापणे आणि सहा वेळा निवणे. प्रत्येक वेळी चमचाभर आले तरी आठवड्यात ताक व्हायला काय उशीर?

हे कळल्यावर मेस्त्रीच्या औषधाचा उपयोग का होत नव्हता तेही कळले. तेल बदलणे म्हणजे भिंतीला ओल आली असता वरून चुना मारणे.

पण आधी एक खातरजमा करावी लागते, कारण पांढुरके तेल दर वेळी गुन्हेगार असतेच असे नाही. नुकत्याच चालवलेल्या पेटीतून काढलेल्या तेलात हवेचे बारीक बुडबुडे घोळलेले असतात, तेही दुधासारखे दिसते. असे तेल काचेच्या बरणीत रात्रभर ठेवावे. हवा असेल तर सकाळपर्यंत निघून जाऊन तेल नितळ होते. पाणी असेल तर गढूळपणा राहतो, किंवा तळाशी पाण्याचा थर बसतो. त्याहून घरगुती कसोटी तव्याची. जुना तवा उघड्यावर तापवावा आणि त्या तेलाचा एकच थेंब लांबून टाकावा. पाणी असेल तर ओल्या मोहरीसारखा तडतडतो. आमच्या सौभाग्यवतींनी या प्रयोगासाठी तवा देण्यास साफ नकार दिला, तेव्हा तो पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर झाला. तडतडला!

आणखी एक खूण पेटी उघडण्याआधीच मिळते. मोटार रात्रभर उभी ठेवावी. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जमते. सकाळी वरचा स्क्रू बंदच ठेवून खालचा किंचित सैल करावा. पहिले दोन-चार थेंब तेलाचे आले तर बरे. आधी पाणी आले तर संशय फिटला. त्या खालच्या स्क्रूला पुष्कळदा लोहचुंबक असते. त्यावर करड्या गंधासारखा लेप दिसला तर तो रोजच्या झिजेचा, त्याची भीती नको. टोचणारे कपचे, किसासारखे तुकडे दिसले, तर मात्र चाकांचे दात जायला लागले असे समजावे.

मग शोधाला स्वस्ताकडून महागाकडे जावे. डॉक्टर आधी जीभ पाहतो, एकदम पोट फाडत नाही. पहिला मान दोन स्क्रूंच्या वायसरींचा. खालून तेल भरतात आणि वरून हवा जाते, अशी दोन भोके असतात, आणि दोहोंवर एकेक पातळ वायसर. तेल बदलताना तीच चपटलेली वायसर पुन्हा बसवण्याची आपल्याकडे सर्वत्र चाल आहे. काटकसर हा मोठा गुण आहे, पण या ठिकाणी नाही. वाळूचा एक कण खाली राहिला तरी पुरतो. माझ्या विद्यार्थ्याने दोन्ही नव्या घातल्या. ताक पुन्हा झाले.

दुसरी पाळी पंख्याची. येथे उजनीचा स्वत:चा गुण दिसतो. या जलाशयात नायलॉनची जाळी ठिकठिकाणी लावलेली असतात, आणि फाटलेल्या जाळ्यांचे धागे पाण्यात तरंगत राहतात. केसाएवढा पारदर्शक धागा पंख्यात सापडतो, गुंडाळत गुंडाळत पंख्यामागच्या जाड वायसरीखाली जातो आणि सीलच्या ओठाशी पोचतो. दांडा फिरतो तसा तो ओठ कापीत राहतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून अशा पाण्यात चालणाऱ्या मोटारीचा पंखा महिन्याकाठी तरी काढून पाहावा. काढताना गिअर मोकळा ठेवावा आणि प्लगच्या वायरी काढून बाजूला कराव्यात. हाताने पंखा फिरवताना इंजिनाने एखादा हिसका दिला तर बोटे जातात. आम्ही पंखा काढला तेव्हा आत नायलॉनची घट्ट, चकचकीत अंगठीच तयार झाली होती. पक्कडीने उलगडली तर वीतभर धागा निघाला. “सर, हाच चोर,” असे म्हणून त्याने नवी सीले आणली, तेल लावून, नीट मापाच्या नळीवर हलके ठोकून सरळ बसवली. सीलवर थेट हातोडी मारू नये. वाकडे बसलेले नवे सील जुन्याहून वाईट.

मला वाटले, संपले. त्याने मात्र पुस्तिकेतले पुढचे पान उघडले. दाबाची परीक्षा त्या पानावर होती, आणि मला विचाराल तर या सगळ्या विद्येतला हाच खरा मोहरा. तेल पूर्ण काढून टाकायचे, एका भोकात दाब दाखवणारी घड्याळी आणि नळी बसवायची, दुसरे बंद करायचे, आणि सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरायची. किती, ते ज्या त्या मोटारीच्या पुस्तिकेत दिलेले असते. लहान मोटारींना साधारण चौरस इंचाला १० पौंडांच्या पुढेमागे. उत्साहाच्या भरात जास्त भरली तर चांगली सीलेच उडून बाहेर येतात. मग काही मिनिटे काटा पाहत बसायचे. काटा न हलला तर पेटी शाबूत. पण नुसते बसून भागत नाही. दांडे हाताने फिरवावे लागतात, गिअरचा खटका पुढे-मागे करावा लागतो, कारण काही फटी हालचालीतच उघडतात. सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे, किंवा सरळ पेटी पाण्यात बुडवायची. पंक्चर काढणारा सायकलची ट्यूब घमेल्यात दाबून बुडबुडे बघतो, त्याचीच ही थोरली बहीण. जाणकार लोक याच्या जोडीला उलटी परीक्षाही घेतात, म्हणजे हवा भरण्याऐवजी ओढून घेतात. बाहेर वळलेल्या ओठाची खोड कधी कधी तेव्हाच उघडी पडते.

त्याच्या दारात गुरांचा सिमेंटचा हौद आहे. गुरे बाजूला बांधून पेटी त्यात बुडवली. घड्याळीचा काटा थोडा, अगदी थोडा उतरत होता. बुडबुडे दिसेनात. वरच्या उभ्या दांड्याशी पाहिले. तेथे एक सील असते, त्याच्यावरच इंजिनाला गार पाणी चढवणारा रबरी चक्राचा पंप बसतो, आणि तो झिजला की पाणी दाबाने खाली येते. ती जागा कोरडी निघाली. गिअरच्या सळईची रिंगही ठीक. पेटीच्या अंगावर भेग नाही, ॲल्युमिनियमला खड्डा नाही. त्याची आई ओट्यावर बसून हा खेळ पाहत होती. ती म्हणाली, “आरं, पंखा लागतो तो दांडा फिरव की जरा.” फिरवला. सबंध एका फेऱ्यात एकाच ठिकाणी एक बुडबुडा सुटला. पुन्हा फिरवला, पुन्हा त्याच ठिकाणी एक. तिसऱ्यांदा फिरवताना आम्ही तिघेही मोजत होतो.

फेरीला एक बुडबुडा म्हणजे दोष सीलचा नव्हे, दांड्याचा. एक तर ओठाखालच्या जागी गंजाचा खड्डा असतो, किंवा दांडा वाकलेला असतो. नखाने चाचपून पाहिले. नख अडकेल असा चर किंवा खड्डा नव्हता. मग पेटीला एक ताठ तार बांधून तिचे टोक दांड्यापासून केसभर अंतरावर आणले आणि दांडा फिरवला. फट एका बाजूला मिटत होती, दुसऱ्या बाजूला उघडत होती. दांडा वाकडा होता. डोळ्यांना सरळच दिसत होता, पण दर फेऱ्यात ओठ एकीकडे दाबला जाई आणि दुसरीकडे सुटे. अशा दांड्यावर सोन्याचे सील बसवले तरी ते टिकणार नाही.

वाकला कसा, याचे उत्तर उजनीच्याच पोटात आहे. धरणात गावेच्या गावे गेली. घरांची जोती, विहिरींची कठडी, शेतांचे दगडी बांध, तोडून उरलेले बुंधे अजून तळाशी आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला जातात. देऊळ दिसते म्हणून चुकवता येते. हातभर पाण्याखाली राहिलेला बांध दिसत नाही. पंखा त्यावर आदळतो, पंख्याचे पाते चेपते, नवे पाते येते. दांड्याकडे कोणी बघत नाही. ही मोटार त्याने जुनी घेतलेली. आपटली कोणाच्या हातून, ते त्या पाण्यालाच ठाऊक. “आमच्याच आज्ज्याचा बांध असंल सर,” असे तो म्हणाला आणि हसला. मला मात्र चटकन हसू आले नाही. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, त्यांचा नातू त्याच पाण्यावर पोट भरतो, आणि तीच जमीन खालून त्याच्या मोटारीला लागते. इतिहासाच्या पुस्तकात विस्थापन हा एक शब्द असतो.

दांडा पुण्याहून आला. किंमत ऐकून आई गप्प झाली. हंगामातले कित्येक फेरे त्यात जाणार होते. नवा दांडा, नवी सीले, सीलांच्या घराभोवतीची नवी रिंग. बेअरिंगवर गंजाचे ठिपके होते, तीही बदलली. पुन्हा हवा भरली, पुन्हा हौदात बुडवली. काटा हलला नाही.

तेल भरण्याची रीत येथे सांगून टाकतो, कारण ती उलटी आहे आणि म्हणूनच चुकते. आपल्या सवयीने कोणीही वरच्या भोकातून तेल ओतील. जाड तेल खाली उतरताना हवा कोंडते, पेटी भरल्यासारखी वाटते, आणि निम्मी रिकामी राहते. म्हणून खालच्या भोकातून पिचकारीने वर चढवायचे. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय अखंड धार आली, की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग पिचकारी काढून चटकन खालचा. वरचे भोक बंद असले म्हणजे खालून तेल भळाभळा सांडत नाही. नळीच्या वरच्या तोंडावर अंगठा ठेवला की रस खाली पडत नाही, हे मुलांना सांगावे लागत नाही.

आणि तरीही पहिल्याच दिवशी प्रवासी घ्यायचे नाहीत. तासभर रिकामी होडी चालवायची, काठाला लावून पेटी पाण्यातच निवू द्यायची, कारण पाणी ओढले जाते ते त्याच वेळी. रात्रभर उभी ठेवून सकाळी खालच्या स्क्रूचे पहिले थेंब बघायचे. किंचित गढूळपणा दिसला तर घाबरू नये, कानाकोपऱ्यातले जुने पाणी उरलेले असते. एकदा तेल बदलून पुन्हा पाहावे. दुसऱ्यांदाही गढूळ आले, तर शोध संपलेला नाही.

शहरातल्या वाचकाला यातले काही हाताने करायचे नाही, हे मी जाणतो. परंतु हिवाळ्यात मुलांना घेऊन होडीत बसाल, तेव्हा नावाड्याला एक प्रश्न विचारायला हरकत नाही: “गिअरचं तेल केव्हा पाहिलंत?” चांगला नावाडी खूश होऊन दहा मिनिटे बोलेल. होडीत वल्ही आहेत ना, आणि अंगात घालायची तरती जाकिटे माणशी एक आहेत ना, तेही बघावे, आणि ती मुलांच्या अंगात आधी चढवावीत. हाच प्रश्न सरकारदरबारीही विचारण्याजोगा आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, माढा-मोहोळकडची गावे पाण्याने वेढली, तेव्हा बचावपथकांच्या रबरी होड्यांना हीच मोटार लावलेली होती. त्यांच्या बोलीत तिला ‘ओबीएम’ म्हणतात. वर्षातले अकरा महिने कोठारात उभ्या असलेल्या मोटारीच्या पेटीत मागच्या पुराचे पाणी राहिले असेल, तर बेअरिंग गंजायला तेवढा काळ भरपूर होतो. पूर ओसरला, की त्याच आठवड्यात तेल काढून बघण्याचे काम कोणा तरी एका माणसाच्या नावावर लिहिलेले असावे.

राहता राहिले ते काढलेले तेल. काठावर मोटार उघडली की ते तेथेच ओतून देण्याची पद्धत फार ठिकाणी आहे. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते, हे मी त्याला सांगू लागलो तर तो म्हणाला, “सर, आम्ही पण तेच पितो की.” त्याच्या होडीत आता झाकणाचा एक कॅन असतो. ताक झालेले सगळे तेल त्यात जाते, आणि कॅन भरला की जुने तेल विकत घेणाऱ्याला टेंभुर्णीत नेऊन देतो.